डुलकी तं बुढे घेतात

नववीतल्या एका मुलाला मी आठ प्रश्नांचा कागद भरायला दिला होता. दिवसा कोणत्या प्रसंगी किती डुलकी लागते, एवढंच त्यात विचारलेलं. हा मुलगा रोज दुसऱ्या तासाला दप्तरावर डोकं ठेवून इतका गाढ झोपायचा, की घंटा झाली तरी शेजारच्याला त्याला हलवावं लागे. त्याचा कागद आठही घरांत शून्य घेऊन परत आला. घाबरून लिहिलं असेल, असं मला वाटलं. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन मी म्हणालो, "अरे, रोज तर झोपतोस, मग शून्य कसं?" तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डुलकी तं बुढे घेतात, सर. ओट्यावर बसल्या बसल्या. मी तं झोपतोच."

त्याचं उत्तर खरं होतं, चूक माझ्या शब्दाची होती. इंग्रजी कागद मराठीत मीच उतरवला होता आणि 'डुलकी' हा शब्दही मीच निवडला होता. शब्दकोशात तो बरोबर आहे. पण त्या मुलाच्या कानाला डुलकी म्हणजे म्हाताऱ्या माणसाची मान पुढे कलंडते आणि झटक्यात सावरते ती. त्याच्या स्वतःच्या झोपेशी तिचा काही संबंध नव्हता. मग मी साधं विचारलं, "रात्री काय करत होतास?" तो म्हणाला, "रातची लाइन होती. हरभऱ्याचं ओलीत होतं. पाइप बदलायले मी अन् बाबा."

जे माझा छापील कागद आठ प्रश्नांत काढू शकला नाही, ते एका साध्या प्रश्नानं बाहेर आलं. पुढच्या पानांतली टिपणं त्या दिवसापासून सुरू झाली. दिवसा वर्गात पेंगणाऱ्या मुलांना नीट विचारायचं कसं, परक्या भाषेत तयार झालेली प्रश्नावली आपल्या मुलांसमोर ठेवताना कुठे कुठे पाय घसरतो, आणि आलेल्या आकड्याचं करायचं काय, याबद्दलची ही टिपणं शिक्षकांसाठी, शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकांसाठी आणि ज्यांना मुलाच्या झोपेची काळजी वाटते त्या आईबापांसाठी आहेत.

गावाबद्दल आधी सांगतो. वऱ्हाडात हिवरखेड एकच नाही. एक अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे, एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पत्त्यात तालुका लिहिला नाही तर पत्र भलतीकडे जायचं. मी बोलतो आहे ते तेल्हारा तालुक्यातलं, अकोला–खंडवा मीटरगेजच्या काळात रेल्वे स्टेशन असलेलं. कापूस, हरभरा, केळी, संत्री, आणि डोंगराकडून शेतात उतरणारी रानडुकरं नि रोही. या पिकांवर आणि या जनावरांवर इथल्या मुलांची रात्र ठरते. म्हणूनच झोपेवरच्या लिखाणात मी पिकांची नावं घेतो आहे.

आता ज्या कागदावरून हे सगळं सुरू झालं, त्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये एपवर्थ नावाचं रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये दिवसा येणारी झोप मोजण्यासाठी आठ प्रसंगांची एक यादी प्रसिद्ध केली. वाचत बसलेलं असताना, टीव्ही बघताना, सभेत किंवा नाटकाला स्वस्थ बसलेलं असताना, तासभर मोटारीत प्रवासी म्हणून बसलेलं असताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि रहदारीत गाडी थोडा वेळ थांबली असताना. प्रत्येक प्रसंगी झोप लागण्याची शक्यता किती, ते ० ते ३ मध्ये सांगायचं. एकूण गुण २४, आणि १० च्या वर गेलं तर झोप प्रमाणाबाहेर समजायची. ना यंत्र लागतं ना वीज. पाच मिनिटांत काम होतं, म्हणून ही यादी जगभर गेली.

पण ती मोठ्यांसाठी होती. जेवणानंतरच्या प्रश्नात 'मद्य न घेता' अशी अट होती, ती नववीतल्या मुलाला काय विचारायची! पुढे जॉन्स यांनीच मुलांसाठी वेगळं रूप केलं. त्यात सकाळच्या वेळी वर्गात बसलेलं असताना आणि जेवता जेवता, असे दोन प्रसंग आले, आणि मोटारीचा एक तास अर्ध्या तासावर, तोही मोटार किंवा बस असा झाला. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत ड्रेक आणि सहकाऱ्यांनी ११ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी आठ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली केली होती. तिचे गुण ३२ पर्यंत जातात. ज्यांचे गुण जास्त, ती मुलं अभ्यासात मागे, असं त्यांना आढळलं. २००७ मध्ये क्लीव्हलंडची सोळा प्रश्नांची आली. या सगळ्यांच्या मागे प्रयोगशाळेतली खरी कसोटी उभी आहे: डोक्याला तारा लावून, दर दोन तासांनी वीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत पडायला सांगायचं आणि माणूस किती मिनिटांत झोपतो ते बघायचं. हिवरखेडात ती कुणी करणार नाही. म्हणून कागद, आणि म्हणूनच कागदावरच्या शब्दांची एवढी काळजी.

मुलं मोठी झाली की त्यांना झोप कमी पुरते, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. स्टॅनफर्डला १९७६ च्या उन्हाळ्यापासून मेरी कारस्काडन यांनी विल्यम डिमेंट यांच्याबरोबर मुलांची झोप-शिबिरं घेतली, तेव्हा त्यांचाही अंदाज जवळपास हाच होता. तीच मुलं वर्षानुवर्षं बोलावली, रोज दहा तास अंथरुणात राहू दिलं. वय वाढलं तरी मुलं साधारण सव्वानऊ तास झोपतच राहिली. आणि वयात येण्याच्या मधल्या टप्प्यावर, तेवढीच झोप मिळूनही, दिवसा पहिल्यापेक्षा जास्त पेंगुळलेली दिसली. शिवाय या वयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे लवकर पडलं तरी डोळा लागत नाही. अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या संस्थेनं २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप सांगितली. आपल्या दहावीच्या मुलाला ती सांगून बघा. आई आधी हसेल, मग गप्प होईल.

आपल्या राज्यातही हा विषय आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं जाहीरपणे म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण शरीराचं घड्याळ मागे सरकतं ते पाचवीनंतर, आणि ती मुलं या निर्णयाच्या बाहेर राहिली. कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा झाला तो नेमका मोठ्या मुलांसाठी. २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे, विशेषतः वऱ्हाडात, उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते. ते टाळताही येत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मार्चअखेरीसच दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. मग सात वाजताची शाळा, त्याआधी कुणाची सहाची शिकवणी, आणि रात्री उकाड्यानं बारापर्यंत तळमळ. इथे काय करायचं ते मेलबर्न किंवा कॅलिफोर्निया सांगू शकत नाही, आपल्यालाच आपल्या मुलांना विचारावं लागेल.

तर विचारण्याकडे येतो. या टिपणांचा गाभा तोच आहे.

'झोप येते' हे आपलं सगळ्यात सोपं वाक्य, आणि सगळ्यात फसवं. "त्या तासाला झोप येते" असं मुलगा म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा झोपेबद्दल बोलत नसतो. तास कंटाळवाणा आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. रात्रभर नऊ तास झोपलेला मुलगाही ते म्हणेल. उलट खरोखर झोपेनं मोडलेला मुलगा आवडत्या तासालाही झोपतो, कबड्डीची पाळी यायची वाट बघत मैदानाच्या कडेला बसल्या बसल्या झोपतो, आणि 'झोप येते' असं म्हणतच नाही. 'थकवा' निराळा, 'शीण' निराळा, 'मरगळ' निराळी. दिवसभर कापूस वेचून आलेली मुलगी थकलेली असते, पण तिचा डोळा लागेलच असं नाही. जॉन्स यांनी आपल्या कागदावर मुद्दाम लिहिलं आहे की नुसतं थकल्यासारखं वाटणं इथे धरू नका. मराठीत हा फरक एका शब्दात होत नाही, तो वाक्यात सांगावा लागतो. मी पुष्कळ खटपट करून शेवटी 'डोळा लागतो का' यावर आलो. तो म्हाताऱ्याचाही लागतो, पोराचाही लागतो, आणि वऱ्हाडी पोरगं 'डोया लागते' म्हणालं तरी आपल्याला कळतं.

दुसरा शब्द 'शक्यता'. मुलांना तो माहीत आहे, पण पावसाच्या बातमीतला. स्वतःच्या झोपेची शक्यता मोजायची सवय कुणालाच नसते, म्हणून मुलं 'किती वेळा' असं समजून उत्तर देतात. आता रहदारीत अडकलेली मोटार हिवरखेडच्या मुलाच्या आयुष्यात वर्षातून एकदा आली, तर 'किती वेळा'चं उत्तर शून्य येणार. हा अडथळा इतरांनाही आला आहे. पेरू देशात गाडी न चालवणाऱ्यांसाठी याच यादीचं वेगळं रूप करावं लागलं. आपल्याकडे हिंदीत उत्तर भारतातल्या लोकांवर तपासलेलं सुधारित रूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मराठीत ०, १, २, ३ च्या पुढे मी मुलांच्याच तोंडची भाषा लिहून बघितली: 'लागणारच नाही', 'लागला तर लागेल', 'बहुतेक लागेल', 'लागणारच'. हे चार पर्याय वाचून एकाही मुलानं अर्थ विचारला नाही.

तिसरा शब्द मला फार आवडतो, म्हणून त्याच्यापाशी थोडा थांबतो. ड्रेक यांच्या अमेरिकन प्रश्नावलीत एक उलटा प्रश्न आहे, म्हणजे तिथे 'हो' म्हटलं की गुण कमी व्हायला हवेत. दिवसाचा बहुतेक वेळ तुम्ही पूर्ण जागे, तरतरीत असता का, असा त्याचा आशय. पुस्तकी भाषांतर 'सतर्क' असं होईल, पण सतर्क म्हटलं की मुलांना पुराचा इशारा आठवतो. आपला खरा शब्द आहे 'हुशारी'. ताप उतरल्यावर आजी विचारते, "आता हुशारी वाटते का?" ती नेमकं हेच विचारत असते. पण शाळेच्या कागदावर 'दिवसभर हुशार असता का' असं छापलं, की मुलाला वाटतं बुद्धी विचारताहेत, आणि नम्र मुलगा 'नाही' लिहून मोकळा होतो. नम्रतेचे गुण झोपेच्या खात्यात जमा! 'ताजंतवानं वाटतं का' हे त्यातल्या त्यात बरं.

भाषांतर तपासायची एक मान्य रीत आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, जुळवायचं, मग ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा तिसऱ्यानं ते उलट इंग्रजीत न्यायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. त्यातली उलट भाषांतराची पायरी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये नीट मांडली आणि ती उपयोगाची आहे. पण 'झोप येते' चं उलट भाषांतर अगदी चोख येतं! समिती समाधानानं मान हलवते, आणि मुलगा तिकडे कंटाळ्याला गुण देत बसलेला असतो. उलट भाषांतर दोन भाषा जाणणाऱ्या माणसाची परीक्षा घेतं. आपल्याला ज्याची परीक्षा घ्यायची आहे तो मुलगा एकच भाषा बोलतो, आणि तीही पुस्तकातली नव्हे. म्हणून त्यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. तीसचाळीस मुलांना एकेकटं बसवून म्हणायचं, "हा प्रश्न वाच, आणि तुला काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत मला सांग." उत्तर मागायचं नाही, फक्त प्रश्न सांगायला लावायचं. माझा डुलकीचा घोळ या पायरीवर पहिल्याच दिवशी सापडला असता.

प्रसंगांचंही तसंच. 'सकाळी उठवायला कुणीतरी लागतं का?' अमेरिकन घरात स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न काहीतरी सांगतो. आपल्याकडे आई सगळ्यांनाच हाक मारते. मुलगा आधीच जागा असला तरी हाकेची वाट बघत पडून राहतो. 'उठवल्यावर पुन्हा झोपता का?' एका खोलीत पाच अंथरुणं घातलेली असतात, ती गोळा व्हायला लागली की पुन्हा झोपायला जागा कुठली! दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागणं हे वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात सगळ्या गावाचंच असतं, तिथे ३ आले म्हणून मुलाला आजारी ठरवू नये. (एका प्रतीत मी 'वामकुक्षी' लिहिलं होतं. तो शब्द मुलांपैकी कुणीच ऐकलेला नव्हता.) अर्ध्या तासाचा एसटीचा प्रवास उभ्यानं होतो. 'जेवता जेवता' हा प्रश्न मात्र इकडे जसाच्या तसा चालतो. "ताटावर पेंगते माही पोरगी" असं एखादी आई सांगते तेव्हा ती कोणत्याही प्रश्नावलीच्या पुढे गेलेली असते. जी मुलगी पहाटे नळाला पाणी आलं म्हणून चारला उठते, पोळ्या करून शाळेत येते आणि रात्री भांडी आवरून अभ्यासाला बसते, तिची झोप घरात फक्त ताटावरच दिसते, कारण बाकी वेळ ती बसलेलीच नसते. वर्गातही मुली मुलांइतक्या उघड झोपत नाहीत. माझ्या कितीतरी वर्षांच्या वर्गांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्याची खंत आहे.

कागद वाटताना शिक्षकानं काय करावं, तेही पुढे आहे. मुख्य म्हणजे कागदावर नावाऐवजी फक्त क्रमांक असावा आणि ज्या सरांच्या तासाला मुलं झोपतात त्यांनी वर्गात थांबू नये. शाळेतला कुठलाही छापील कागद मुलांना परीक्षेचा वाटतो, "सर, बरोबर उत्तर कोणतं?" हे कुणीतरी विचारतंच. शिवाय आपल्याकडे झोप हा स्वभावाचा दोष मानला जातो. झोपाळू, सुस्त, कुंभकर्ण ही नावं एकदा चिकटली की सुटत नाहीत. पहाटे उठण्याचं या मातीत मोठं मोल आहे. गुरुकुंजातलं तुकडोजी महाराजांचं पहाटेचं सामुदायिक ध्यान गावोगाव पोचलं आहे, आणि मला स्वतःला पहाट प्रिय आहे. पण पूर्वी पहाटेच्या आधी दिवेलागणीनंतरची लवकरची नीजही होती. तो अर्धा भाग आपण सोडून दिला आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलांना जोखतो.

जास्त गुण आले म्हणजे मोबाइल, असंही लगेच ठरवू नये. मोबाइल आहेच, ते नाकारत नाही. पण तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ बघायला हवी. सर्दीच्या काही औषधांनी दिवसभर गुंगी राहते. महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. ती मरगळ झोपेसारखी दिसते, पण उपाय वेगळा. काही थोड्या मुलांना नार्कोलेप्सी नावाचा मेंदूचा आजार असतो, तो बऱ्याचदा याच वयात सुरू होतो, आणि त्यांना वर्षानुवर्षं आळशी म्हटलं जातं. प्रश्नावली यातलं काहीच ओळखत नाही. कोणाशी अजून बोलायला हवं, एवढंच ती दाखवते. १० ही मर्यादासुद्धा मेलबर्नच्या मोठ्या माणसांवरून आलेली आहे. आपल्या मुलांसाठी ती आपल्याला नव्यानं शोधावी लागेल. आणि मूळ प्रश्नावलीचे हक्क राखीव असतात, अधिकृत परवानगी घेऊनच ती वापरावी. मी पहिल्यांदा ती घेतली नव्हती, ती माझी चूक.

शेवटची अडचण मला सर्वांत उशिरा उमजली. प्रश्नावली भरवशाची आहे का हे बघायला तीच मुलं पंधरा दिवसांनी तोच कागद पुन्हा भरतात. गुण जवळपास सारखे आले तर मोजमाप पक्कं, फार बदलले तर कच्चं. माझ्याकडच्या काही मुलांचे गुण निम्म्यावर आले होते. मी शब्द पुन्हा तपासले, काही सापडेना. मग त्याच नववीतल्या मुलानं सांगितलं, "आता दिवसाची लाइन आहे, सर." शेतीपंपांना वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रातची, आणि ती फीडरप्रमाणे बदलते. रातची असली की ओलीत रात्री. पाठोपाठ हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांसाठी जागल, तीही घरातल्या मोठ्या पोराकडेच. माझी प्रश्नावली पक्कीच होती. त्या पंधरा दिवसांत मुलांची रात्र बदलली होती, आणि कागदानं ते बरोबर टिपलं होतं. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं काम चालू आहे. जिथे दिवसाची वीज पक्की होईल, तिथे हे गुण उतरतात का ते कुणीतरी बघायला हवं. मला ते बघायची फार इच्छा आहे.

म्हणून पुढे जोडलेल्या नमुन्यात प्रश्नांच्या वर तीन रकाने आहेत. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात शाळा सकाळची की दुपारची. तिसऱ्यात, त्या आठवड्यात लाइन दिवसाची होती की रातची. तिसरा रकाना रिकामा सोडू नका.